लेव्हल अप, व्हाया धायरी!

दिवसभर गेम खेळायचे आणि वर त्याचे पैसे घ्यायचे... ऐकूनच कुणालाही हेवा वाटेल. फक्त ‘पैसे घ्यायचे’ हा भाग जरा लांबतो. आणि नेमकी त्याच वेळी घर बदलायची वेळ आली तर?

‘फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज आणि जॉब कुठे?’

पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालात की एजंट या तीन प्रश्नांत तुमची कुंडली मांडून मोकळा होतो. पहिल्या दोन प्रश्नांची माझी उत्तरं वाईट असली तरी सरळ होती. गाडी अडायची ती तिसऱ्यावर.

‘मी फ्रीलान्स करते. व्हिडिओ गेम्सचे रिव्ह्यू लिहिते.’

फोनवर शांतता. मग, ‘म्हणजे मॅडम, घरीच असता?’

‘हो.’

‘आणि कंपनी?’

‘कंपन्या चार आहेत.’

‘मग सॅलरी स्लिप कुठल्या कंपनीची देणार?’

आता काय सांगणार, कप्पाळ! नऱ्ह्याच्या एका ओनर काकांनी तर चहा पुढे करत अगदी प्रेमाने विचारलं, ‘गेम म्हणजे ते रमीबिमी का गं?’ त्यांना तरी काय दोष द्यायचा? वर्षानुवर्षं आयपीएल बघताना दर ओव्हरला ‘गेमिंग’ म्हणून जे काही दाखवलं गेलं, ते तेच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. तेव्हापासून ‘गेमिंग’ हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी पोलीस स्टेशन आठवतो. मी म्हटलं, ‘काका, माझ्या गेममध्ये कुणी पैसे लावत नाही.’ मिळायलाही बराच वेळ लागतो, हे मात्र मनातच ठेवलं. काकांनी ‘कळवतो’ म्हटलं आणि अर्थातच कळवलं नाही.

तर मंडळी, सीन असा होता. कर्वेनगरात मी आणि माझी रूममेट, दोघींत एक टू बीएचके. भाडं २४ हजार, निम्मं निम्मं. तिला बंगळुरूला झक्कास जॉब लागला. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेर संपत होतं. ओनरना पुढचं अ‍ॅग्रीमेंट भाडं वाढवून हवं होतं, आणि एकटीने २४च्या वर काही भरणं माझ्या बापजन्मात शक्य नव्हतं. घर बदलणं भाग होतं. हाताशी दिवस २६. बँकेत रुपये १९,४००.

आणि हो, त्याच २६ दिवसांत मला एक भलीमोठी आरपीजी खेळून संपवायची होती. नाव सांगत नाही. कारण हा लेख त्या गेमबद्दल नाही.

तासाला ४६ रुपये

‘मस्त आहे तुझं, काम काय तर गेम खेळायचे!’ हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते. त्यामुळे एकदा हिशेबच मांडून टाकूया.

रिव्ह्यूचा फंडा साधारण असा असतो. गेम बाजारात यायच्या आठवडा-दोन आठवडे आधी कंपनीकडून किंवा तिच्या पीआर एजन्सीकडून एक कोड येतो. तो टाकला की गेम फुकट डाउनलोड होतो. सोबत एक अट येते, तिला म्हणतात एम्बार्गो. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही. सगळ्या जगाचे रिव्ह्यू त्याच मिनिटाला धडाधड पडतात, आणि वाचक असतात पहिल्या काही तासांचे. त्यानंतर तुमचा लेख म्हणजे दिवाळीनंतरची चकली. चव तीच, पण हात कुणी लावत नाही.

छोट्या साइट्सना बऱ्याचदा कोड येतच नाही, किंवा रिलीजच्या दिवशी येतो. मग पर्याय दोन. गेम सोडून द्या, नाहीतर विकत घ्या. पीएसफाइव्हचे मोठे गेम सर्रास ४,९९९ रुपयांना पडतात. मला एका रिव्ह्यूचे मिळतात ३,०००. पाच हजारांचा गेम घेऊन तीन हजारांचा रिव्ह्यू लिहिणारीला आमच्या सांगलीत काय म्हणतात, ते इथे छापण्यासारखं नाही.

बरं, कोड आला असं धरून चालू. ही आरपीजी संपवायला ५५ तास लागणार होते. स्क्रीनशॉट आणि क्लिप्स काढायला चार तास. लिहिणं, एडिटरचे फोन, ‘हेडिंग जरा कॅची कर ना’ वगैरे मिळून सहा. एकूण ६५ तास. तीन हजार भागिले पासष्ट... तासाला ४६ रुपये!

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी याहून जास्त घेतात. आणि एक तारखेला घेतात. इन्व्हॉइस नाही, रिमाइंडर नाही. एक तारीख म्हणजे एक तारीख. त्यांना मी माझा रेट सांगितला तेव्हा त्या जरा वेळ थांबून म्हणाल्या, ‘ताई, दुसरं काही का नाही बघत?’

बघितलं होतं की! तीन वर्षं हिंजवडीत सपोर्टचा जॉब केला. आठवड्याला दोन नाइट शिफ्ट, कॅबमध्ये झोप, पगार नियमित. २०२२च्या फेब्रुवारीत ‘एल्डन रिंग’ आला आणि मी तो सुट्ट्या टाकून खेळले. मग एका साइटला आपण होऊनच दीड हजार शब्दांचा रिव्ह्यू पाठवला. त्यांनी तो छापला. ज्यांनी लहानपणी ‘डिजिट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडीतले डेमो शंभर शंभर वेळा खेळलेत, त्यांना नाव छापून आल्यावर कसं वाटलं असेल हे मी वेगळं सांगायला नको. वर्षभराने जॉब सोडला. आईने तीन दिवस फोनवर फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारलं. सांगलीत नाराजी अशीच कळवतात.

आता यातला खरा लोचा ऐका. रेट तासावर नाही, लेखावर आहे. त्यामुळे चार तासांत संपणाऱ्या गेमलाही तीन हजार आणि ५५ तासांच्या गेमलाही तीनच हजार. साहजिकच आम्हा फ्रीलान्सर मंडळींचं छोट्या गेम्सवर फार प्रेम असतं! आणि मोठ्या गेमचे रिव्ह्यू पुष्कळदा गेम पूर्ण न संपवताच लिहिले जातात. कुणी कबूल करत नाही, पण शेवटच्या दहा तासांबद्दल लेखात एकही वाक्य नसेल तर समजून जा. भाडं थकलेला माणूस ५५ तास का खेळेल?

आधी द्या, मग घ्या

घराचं गणित याच्या बरोबर उलटं. तिथे सगळं आधी. धायरीत एक वन बीएचके मिळत होता, भाडं १३ हजार. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ३९. एक महिन्याचं ब्रोकरेज, १३. पहिल्या महिन्याचं भाडं अ‍ॅडव्हान्स, आणखी १३. टेम्पो आणि हमाली साडेपाच. अ‍ॅग्रीमेंटचा माझा वाटा दीड. बेरीज ७२ हजार. खिशात १९,४००.

गंमत म्हणजे मी काही कंगाल नव्हते. जुन्या घरात माझं ३० हजारांचं डिपॉझिट अडकलं होतं. पण जुनं डिपॉझिट घर सोडल्यावर मिळतं आणि नवं घरात शिरण्याआधी द्यावं लागतं. मधले आठ-दहा दिवस तुम्ही दोन घरांचे धनी, आणि खिसा रिकामा. शिवाय चार जणांकडून मला येणं होतं. एका टेक साइटकडे सहा रिव्ह्यूंचे १८ हजार, तेही तीन महिन्यांपूर्वीचे. एका परदेशी साइटकडे साधारण १३ हजार. एका यूट्यूब चॅनेलकडे स्क्रिप्ट्सचे साडेनऊ. आणि एका पेपरच्या पुरवणीकडे चार कॉलमचे सहा. बेरीज करा, ४६,५००. कागदावर मी सॉलिड श्रीमंत होते!

सगळे फ्रीलान्सर हे ओळखतील. आपण गरीब नसतो, आपण ‘प्रोसेसमध्ये’ असतो. ‘अकाउंट्सला पाठवलंय.’ ‘ते साहेब लग्नाला गेलेत.’ ‘या सायकलमध्ये नाही बसलं, पुढच्या सायकलमध्ये बघू.’ ही सायकल कुठल्या गावाला जाते, देव जाणे.

परदेशी साइट्सवरही आता फार विसंबता येत नाही. अमेरिकेतलं ‘गेम इन्फॉर्मर’ हे मासिक ३३ वर्षं चाललं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसात बंद झालं. पुढे मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाने ते परत सुरू केलं, ही गोष्ट वेगळी. मे २०२५ मध्ये ‘पॉलिगॉन’ विकली गेली आणि तिथल्या कितीतरी लेखकांच्या नोकऱ्या गेल्या. वीस वीस वर्षं अनुभव असलेली ती माणसं आता त्याच एडिटर्सना मेल पाठवतात, ज्यांना मी कर्वेनगरातून पाठवते. अशा वेळी ‘माझे पैसे कधी देणार’ हे विचारताना सुद्धा आवाज आपोआप मऊ होतो.

‘मग तो पीएसफाइव्ह विकून टाक ना,’ एका मित्राने सुचवलं. कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ४९,९९० रुपये किंमत होती. माझा सेकंडहँड घेतलेला. कोथरूडचा एक मुलगा २२ हजार द्यायला तयार होता, कॅश, आजच्या आज. रात्रभर विचार केला. पण बैल विकून बियाणं आणायचं, आणि पेरणी कशाने करायची? त्याला नाही म्हणून कळवलं. त्याने रडका इमोजी पाठवला. माझीही अवस्था साधारण तीच होती.

चिमणी उड गई

या सगळ्यात मला तारलं ते कशाने, माहितीये? किचन चिमण्यांनी! ओळखीतून एका कंपनीच्या कॅटलॉगचं काम आलं. चाळीस चिमण्या, प्रत्येकीचं शंभर शब्दांत वर्णन, एका वर्णनाचे ४०० रुपये. निम्मे अ‍ॅडव्हान्स. एक वर्णन लिहायला २० मिनिटं लागायची. म्हणजे तासाला बाराशे! ऑटो-क्लीन, बॅफल फिल्टर, फोडणीचा धूर चुटकीसरशी गायब... ज्या भाषेत मी ड्रॅगनबद्दल लिहिते त्याच भाषेत चिमणीबद्दल लिहिलं. क्लायंट जाम खूश.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग चिमण्याच लिही की. पण ४१वी चिमणी कुणी देत नाही ना! कॅटलॉग वर्षातून एकदा निघतो. आणि खरं सांगू? चिमणीचं वर्णन वाचून कुणी मला कधी रात्री बारा वाजता मेल केलेला नाही. गेमच्या रिव्ह्यूवर करतात. चार पानी शिव्या घालतात, पण करतात.

दुसरी मदत झाली एका सरकारी कागदाची. माझी एक सीए मैत्रीण आहे. तिने मागेच माझ्या पाठीस लागून ‘उद्यम’ रजिस्ट्रेशन करून घेतलं होतं. ऑनलाइन, फुकट. आधार आणि पॅन असलं की झालं. सेवा देणारा एकटा माणूससुद्धा ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून यात बसतो. आणि २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, चक्रवाढ व्याज. शिवाय एप्रिल २०२३ पासूनच्या हिशेबाला आणखी एक नियम लागू झालाय. मुदतीत न दिलेलं हे पेमेंट कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे त्यांचा टॅक्स वाढतो. अकाउंट्सवाल्यांना व्याजाची भीती नसते हो, टॅक्सची असते!

मैत्रिणीने मेलचा मजकूर सांगितला. भांडण नाही, टोमणा नाही. ‘सोबत उद्यम नंबर जोडला आहे, इन्व्हॉइसची तारीख अमुक, ४५ दिवस तमुक तारखेला पूर्ण झाले, कृपया कळवावे.’ बास. तीन महिने लग्नाला गेलेले साहेब चौथ्या दिवशी परत आले. १८ हजारांतून दहा टक्के टीडीएस कापून १६,२०० खात्यात जमा. (एकाच ठिकाणाहून वर्षाला ५० हजारांच्या वर फी मिळाली की हा टीडीएस कापतात. एप्रिल २०२५च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. रिटर्न भरलं की जास्तीचे कापलेले परत येतात, त्यामुळे हा एक प्रकारे सक्तीचा भिशी ग्रुपच!)

त्या रिटर्न्सचा दुसरा उपयोग घर मिळवताना झाला. धायरीच्या ओनर काकू शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनीही सॅलरी स्लिप विचारली. मी तीन वर्षांची आयटी रिटर्न्स आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पुढे ठेवलं. काकूंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, पेपर तपासल्यासारखी. ‘दर महिन्याला वेगळाच आकडा दिसतोय.’ ‘हो काकू.’ ‘पण शून्य कधीच नाही.’ ‘नाही काकू.’ मग डिपॉझिटचं बोलणं झालं. दोन महिन्यांचं आत्ता, तिसरा महिना दोन हप्त्यांत. एजंटनेही कुरकुर करत निम्मं ब्रोकरेज पुढच्या महिन्यावर ढकललं.

नवा हिशेब ५२,५००. माझे १९,४००, यूट्यूबवाल्याचे साडेनऊ (त्याने मागितल्या दिवशीच जीपे केले, देव त्याचं भलं करो), टेक साइटचे १६,२०० आणि चिमण्यांचा अ‍ॅडव्हान्स आठ हजार. ५३,१००. उरले ६०० रुपये. ते मी जपून ठेवले नाहीत. पॅकिंगला आलेल्या मित्रमैत्रिणींना मिसळ खिलवली.

एकच सल्ला देते, मागितलेला नसताना. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी ओनरची आहे. ‘नोटरी करू, स्वस्तात होईल’ म्हणणारे एजंट पुष्कळ भेटतील. आता ऑफिसातही जावं लागत नाही. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, वीस मिनिटांत काम तमाम. माझा अंगठा मात्र चार वेळा उमटलाच नाही. रोज दहा तास कंट्रोलर दाबून रेषाच झिजल्या असाव्यात.

बॉस फाइट, खोक्यांच्या मधोमध

आता येऊ त्या आरपीजीकडे. एम्बार्गो मंगळवारी रात्री साडेआठला उठणार होता आणि घर सोडायचं होतं रविवारी. शनिवारी रात्रीपर्यंत माझे ३७ तास झाले होते. टीव्ही भिंतीवरून उतरवून एका खोक्यावर ठेवलेला, मी दुसऱ्या खोक्यावर, आजूबाजूला भांडी, उशा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप. आणि समोर असा बॉस, जो मला बारा वेळा मारून मोकळा झाला होता. तेराव्यांदा मेले तेव्हा मी डायरीत लिहिलं, ‘डिफिकल्टी अन्यायकारक, डिझायनरने खेळाडूचा विचारच केलेला नाही.’

मग थांबले. डिफिकल्टी अन्यायकारक होती, की माझ्या पाठीत उसण भरली होती आणि सकाळी सातला टेम्पो येणार होता? खरंच सांगता येईना. रिव्ह्यूअरची झोप, रिव्ह्यूअरचं भाडं, रिव्ह्यूअरचा मूड... हे सगळं स्टार्समध्ये मिसळतं आणि वाचकाला ते कुठेच दिसत नाही.

आणि स्टार्स म्हणजे पोरखेळ नाही हो. ‘मेटाक्रिटिक’ ही साइट २००१ पासून जगभरच्या रिव्ह्यूंच्या मार्कांची सरासरी काढते. २०१० मध्ये आलेल्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’चा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता तो मेटाक्रिटिकवर ८५ मार्क पडले तर. पडले ८४. एका मार्काने बोनस गेला. २०१२ मध्ये ही गोष्ट त्या टीममधल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी ट्विटरवर सांगितली. त्या सरासरीत माझ्यासारखा कुणी पाठ दुखणारा रिव्ह्यूअर नसेलच कशावरून? माझं भाडं थकलं म्हणून दुसऱ्या कुणाचं थकायला नको.

उलटं टोकही आहे. डिसेंबर २०२० चा ‘सायबरपंक २०७७’ आठवतो? रिलीजआधी रिव्ह्यूअर्सना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती आणि स्वतः खेळतानाचे व्हिडिओ दाखवायलाही बंदी होती. मार्क झकास पडले. मग लोकांनी तो जुन्या पीएसफोर आणि एक्सबॉक्स वनवर टाकला आणि गेम अक्षरशः धापा टाकायला लागला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. जे खेळले नाही, त्याचे मार्क देत नाही.

रविवारी सकाळी छोटा हत्ती आला. हमालांनी दोन तासांत तीन वर्षांचा संसार भरला. पण पीएसफाइव्ह मी त्यांच्या हातात दिला नाही. साडेचार किलोचं ते धूड टॉवेलमध्ये गुंडाळून अ‍ॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवलं, दोन्ही पायांनी घट्ट धरलं आणि वारज्याच्या पुलावरून थेट धायरी! गाडीचा स्पीड २५. मागून येणाऱ्या पीएमपीएमएलच्या ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार.

नव्या घरात वीज होती, पाणी होतं, इंटरनेट नव्हतं. ‘दोन-तीन दिवसांत जोडतो मॅडम.’ आणि त्याच संध्याकाळी गेमचा मोठा पॅच आला, १८ जीबी. माझा मोबाइल प्लॅन रोज दोन जीबीचा. नऊ दिवस! (‘बॉल्डर्स गेट ३’ला तर १५० जीबी जागा लागते. म्हणजे माझ्या प्लॅनवर तो अडीच महिन्यांत उतरला असता.) सोमवारी कन्सोल परत टॉवेलात, परत फूटबोर्डवर, आणि कोथरूडला मैत्रिणीच्या घरी. तिच्या सासूबाई हॉलमध्ये सिरियल बघत होत्या. साडेनऊपर्यंत टीव्ही त्यांचा, नंतर माझा, असं ठरलं. साडेनऊनंतर त्याही उठल्या नाहीत. ‘तो मोठा राक्षस मरतो का बघू दे,’ म्हणाल्या. मेला! अठराव्या प्रयत्नात. काकूंनी टाळ्या वाजवल्या. डिफिकल्टी अन्यायकारक नव्हती. पाठ दुखत होती, बस्स.

तरीही मंगळवारी दुपारी माझे ४६च तास झाले होते. शेवट बाकी होता. एडिटरला फोन केला, ‘सर, मार्क देत नाही. रिव्ह्यू-इन-प्रोग्रेस टाकूया.’ मोठ्या परदेशी साइट्स हे सर्रास करतात. ‘इतकं खेळलोय, आत्तापर्यंत असं वाटतंय, बाकीचं संपवून सांगतो.’ सर वैतागले. मार्क नसलेला लेख सर्चमध्ये वर येत नाही, क्लिक पडत नाहीत. ‘चार स्टार टाक ना, काय फरक पडतो? साडेतीन झाले तर नंतर बदलू.’ मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, आत्ता निम्मे पैसे, फायनल आल्यावर निम्मे. ठीक! शुक्रवारी गेम संपला. शेवटचे नऊ तास जरा रटाळ निघाले आणि चारातला अर्धा स्टार गेलाच. त्या मंगळवारी चार टाकले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, हे मला माहीत आहे.

आठ घरं, एक सर्टिफिकेट

ज्यांना गेम्सशी काही घेणंदेणं नाही, त्यांनीही एक गेम खेळून बघावा असं मला मनापासून वाटतं. ‘अनपॅकिंग’. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’ नावाच्या छोट्या स्टुडिओने तो २०२१ मध्ये आणला. चार तासांत संपतो. (तीन हजार भागिले चार, हिशेब तुम्हीच करा!) करायचं काय, तर खोकी उघडायची आणि सामान लावायचं. एका मुलीची १९९७ ते २०१८ मधली आठ घरं. ती मुलगी स्वतः एकदाही समोर येत नाही. पण तिचे कप, पुस्तकं, खेळणी, स्वयंपाकघरात हळूहळू वाढत जाणारी भांडी यांतून तिची अख्खी गोष्ट कळते. २०१०च्या घरात ती बॉयफ्रेंडकडे राहायला जाते. त्याच्या सामानाने आधीच भरलेल्या त्या घरात तिच्या डिग्रीच्या सर्टिफिकेटला कुठल्याच भिंतीवर जागा मिळत नाही. शेवटी ते पलंगाखाली सरकवावं लागतं. एक शब्दही न बोलता गेम असं काही सांगून जातो की दोन मिनिटं कंट्रोलर खाली ठेवावा लागतो.

याच्या बरोबर उलट ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’. मार्च २०२०, ऐन लॉकडाऊनच्या तोंडावर आलेला. त्यात टॉम नूक नावाचा एक प्राणी तुम्हाला बेटावर राहायला नेतो आणि शिफ्टिंगचं ४९,८०० बेल्सचं बिल हातात ठेवतो. व्याज नाही, मुदत नाही, डिपॉझिट नाही, नॉनव्हेज चालतं का असा प्रश्न नाही. जमेल तेव्हा मासे पकडून फेडा. लोक त्याला गमतीने सावकार म्हणून नावं ठेवतात. त्यांनी एकदा पुण्यात घर शोधावं.

धायरीतल्या घरी पहिल्या आठवड्यात मी सामान लावलंच नाही. फक्त टीव्ही, कन्सोल आणि गादी. आई सांगलीहून आली ती दोन पिशव्या भाकरीचं पीठ आणि एक पितळी डबा घेऊन. आल्या आल्या सगळी खोकी स्वतःच उघडली. संध्याकाळी दमून बसली आणि म्हणाली, ‘अगं, ते तुझं काय असतं ते लाव की, बघू तरी.’ मी ‘अनपॅकिंग’ लावून दिला. पाच मिनिटांत कंट्रोलर तिच्या हातात. टूथब्रश कुठे ठेवायचा यावरून तिने गेमशी वाद घातला. मिक्सर ओट्याच्या डाव्या बाजूलाच हवा, यावर ती ठाम होती. रात्री साडेअकराला मी झोपायला गेले तेव्हा ती २००७च्या घरात होती.

परदेशी साइटचे पैसे महिनाभराने आले. जुन्या ओनरनी रंगकामाचे साडेचार हजार कापून २५,५०० परत केले, त्यातून काकूंचा पहिला हप्ता आणि एजंटचं उरलेलं ब्रोकरेज गेलं. पुरवणीचे सहा हजार अजून यायचेत. तिथे उद्यमवाला मेल अजून टाकलेला नाही, कारण ते संपादक फोनवर फार गोड बोलतात. पुढच्या सोमवारपर्यंत बघते, मग टाकते.